धाव ते टायर : महाड-पोलादपूरच्या घाटांत पावसाळी चाकाचा इतिहास

१/
'धाव' हा शब्द आज क्रिकेटपुरता उरला आहे. शंभर वर्षांपूर्वी महाडच्या एखाद्या लोहारापुढे तो उच्चारला असता, तर त्याने भात्याकडे पाहिले असते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. आज ज्याला आपण टायर म्हणतो, त्या वस्तूला मराठीत स्वतःचे नाव होते. रबर आले आणि ते नाव लोहारशाळेतच राहून गेले.

२/
स्वीडन, जर्मनी, कॅनडातील क्वेबेक अशा प्रदेशांत हिवाळ्यासाठी वेगळे टायर लावणे हा कायद्याचा भाग आहे. तेथील मराठी कुटुंबेही आता ऋतू पालटला की चारही टायर पालटतात. महाड-पोलादपुरात बर्फ पडत नाही. पण 'हे टायर यंदाचा पावसाळा काढतील का?' हा प्रश्न मृगाच्या आधी येथेही विचारला जातो, आणि त्यामागची चिंता तीच असते. रस्ता तोच, गाडी तीच, पण ऋतू बदलला की चाकाखालची जमीन बदलते.

३/
या प्रश्नाचा इतिहास पाहू गेल्यास तो टायरच्या शोधापेक्षा बराच जुना निघतो. त्यासाठी आधी भूगोल.

महाड सावित्रीच्या काठी, जेथवर भरतीचे पाणी येते तेथे वसलेले. पोलादपूर तेथून वीसेक किलोमीटर आत, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने सुमारे ४० किलोमीटर चढले की महाबळेश्वर, समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून अधिक उंचीवर. दक्षिणेला खेडच्या वाटेवर कशेडी घाट. महाडहून पूर्वेला भोरकडे जाणारा वरंधा घाट. म्हणजे या दोन गावांतून कोठेही जायचे तर एकतर पाणी नाहीतर चढण.

४/
आणि पाऊस. महाड-पोलादपुरात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर, तर घाटमाथ्यावर महाबळेश्वरी ५,५०० मिलिमीटरच्या पुढे. हा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. युरोपातील बर्फाचा हंगाम जितका लांब, साधारण तितकाच आपला हा पाण्याचा हंगाम. तुलना करायची ती येथे.

५/
चाक या मुलखात उशिरा आले, ही गोष्ट आज पटकन ध्यानात येत नाही. देशावर गाडा, नांगर, बैल हे चित्र प्राचीन. तळकोकणात आणि घाटात मात्र शतकानुशतके मालाची वाहतूक झाली ती बैलाच्या पाठीवरून. लदणीचे बैल, दोन्ही बाजूंना गोणी, आणि मागे वंजाऱ्यांचा तांडा. कोकणातून मीठ, सुकी मासळी वर जाई. देशावरून धान्य, गूळ, कांदा खाली उतरे. मनुष्य पायी जाई, आणि ऐपत असल्यास मेण्यात किंवा डोलीत.

६/
महाबळेश्वरच्या पठारावरून पारकडे उतरणाऱ्या एका वाटेचे नावच 'रडतोंडीचा घाट'. नाव कोणी दिले असेल ते असो, उतरणाऱ्याची मुद्रा त्यात नेमकी टिपली आहे. १६५९ मध्ये अफझलखान वाईहून प्रतापगडाच्या पायथ्याशी आला तो याच प्रदेशातून. जावळीच्या खोऱ्याचे लष्करी मोल सांगताना जंगल आणि कडे यांचा उल्लेख नेहमी होतो. चाकाला येथे वाट नव्हती, हा त्याचाच दुसरा अर्थ. गाड्यांवर चालणारी फौज येथे आपोआप दुबळी होई. शिवाजी महाराजांच्या युद्धतंत्रावरील लेखनात या साध्या बाबीला मिळायला हवी तितकी जागा अजून मिळालेली नाही.

७/
मग पावसाळ्यात काय करीत? उत्तर सोपे आहे : थांबत.

घाट ओस पडत. लदणीचे बैल गोठ्यात. बंदरातील गलबते किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेली. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून दर्यावरचा व्यवहार सुरू व्हायचा, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून जमिनीवरचा. आपल्या दोन मोठ्या सणांच्या मुळाशी वाहतुकीचे वेळापत्रक आहे, हे सांगितले तर काहींना ते अरसिक वाटेल. पण ज्या समाजाला पावसात चालणारे चाकच नाही, त्याच्या पंचांगात 'रस्ता उघडला' हा दिवस सण होणारच.

८/
थांबणे हे मागासपण नव्हते, व्यवस्था होती. आषाढापूर्वी घरात मीठ-मिरची, सुकी मासळी, सरपण भरून ठेवायचे. कोकणातील 'आगोट' भरण्याची रीत ती हीच. चाक फिरणार नाही हे गृहीत धरून संसार मांडलेला असे.

९/
ही व्यवस्था मोडू लागली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिला पहिला धक्का दिला तो हवा खायला जाणाऱ्या साहेबाने. गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वर हे थंड हवेचे ठाणे म्हणून आकाराला आले. मुंबईचा साहेब तेथे जायचा कसा? एक मार्ग असा : गलबताने बाणकोट, तेथून सावित्रीच्या खाडीने होडीत बसून महाडकडे, आणि पुढे पारच्या घाटाने पालखीत. समुद्र, खाडी, आणि मग माणसांचे खांदे. या संपूर्ण प्रवासात चाक जवळजवळ नाहीच.

१०/
१८३० मध्ये बोरघाट चाकाच्या वाहनांसाठी खुला झाला. मुंबई-पुणे मार्गाचे नशीब तेव्हाच पालटले. दक्षिणेकडच्या घाटांना आणखी तीसेक वर्षे थांबावे लागले. १८६४ मध्ये कुंभार्ली घाट झाला. १८७६ मध्ये पोलादपूर ते महाबळेश्वर असा गाडीरस्ता तयार झाला, त्याला मुंबईचे माजी गव्हर्नर सर सेमूर फिट्झगेराल्ड यांचे नाव दिले गेले. आज आपण ज्याला आंबेनळी घाट म्हणतो तो हाच. तोवर सातारा आणि कोकण यांना जोडणारी मुख्य वाट पारची होती. नव्या रस्त्याने तिचे महत्त्व हळूहळू संपवले.

११/
येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. त्याच १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून रबराच्या झाडाचे सुमारे ७०,००० बी लंडनच्या क्यू उद्यानात आणले. त्यातून उगवलेली रोपे पुढे श्रीलंका आणि मलायात गेली, आणि आग्नेय आशियातील रबराच्या मळ्यांची सुरुवात झाली. घाट तयार झाला त्या वर्षी त्या घाटात पुढे जे चाक धावणार होते, त्याचा कच्चा माल बोटीतून निघाला होता. दोन्ही घटनांच्या कर्त्यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

१२/
पण १८७६ चा रस्ता रबरासाठी बांधलेला नव्हता. तो धावेसाठी होता. म्हणून थोडे धावेविषयी.

लाकडी चाकाचा घेर मोजून त्याहून किंचित आखूड लोखंडी कडे बनवीत. ते आगीत लाल करीत, म्हणजे ते प्रसरण पावे. मग सांडशीने उचलून चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते, आरे तुंब्यात घट्ट दाबले जातात, चाक एकजीव होते. खिळा न मारता, निव्वळ उष्णतेच्या जोरावर. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात प्रसरणाचे उदाहरण म्हणून हे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. लोहारशाळेत ते रोजचे काम होते.

१३/
धावेलाही ऋतू होते. वैशाखाच्या उन्हात लाकूड सुकून आकसे आणि धाव सैल होई. मग गाडीवान चाके पाण्यात भिजत घाली. पावसात लाकूड फुगे आणि धाव आपोआप आवळली जाई. म्हणजे चाकाच्या दृष्टीने उन्हाळा वैरी आणि पाऊस मित्र.

रस्त्याच्या दृष्टीने मात्र नेमके उलट. लोखंडी अरुंद पट्टी, वर ओझे, खाली भिजलेली खडी आणि माती. एका जागी चर पडला की पुढची प्रत्येक गाडी त्याच चरातून जाणार. पहिल्या दोन पावसांत रस्ता नांगरल्यासारखा होई.

१४/
उताराची गोष्ट आणखी कठीण. ओल्या दगडावर लोखंड घसरते. बैलगाडीत उतारावर सगळे ओझे जोखडातून बैलांच्या मानेवर येते, आणि मागून ढकलणारी गाडी बैलाने अंगावर झेलायची. घाटाच्या इतिहासात अभियंत्यांची नावे कोरलेली आढळतात. त्या उतारांचा ब्रेक होऊन राहिलेल्या जनावरांची नोंद कोठे असणार?

१५/
आता रबर. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची रीत सापडली. १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, पण त्याचा उपयोग करील असे वाहनच तेव्हा रस्त्यावर नव्हते. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली. १८९५ मध्ये मिशलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो शर्यतीत हवेच्या टायरची मोटार उतरवली. शोध लागून पन्नास वर्षे पडून राहिलेल्या वस्तूंची यादी केली, तर टायरचा क्रमांक बराच वर लागेल.

१६/
सुरुवातीचे टायर गुळगुळीत होते, आणि रंगाने पांढरट. काजळी मिसळल्याने रबर कितीतरी पट टिकाऊ होते हे कळल्यावर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून टायर काळे झाले. नक्षीही नंतर आली. आज टायरची जी नक्षी आपण नखाने चाचपून पाहतो, तिचे काम शोभेचे नाही. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही उत्तम पकडतो. शर्यतीच्या मोटारी तेच वापरतात. नक्षीतील खाचा या पाण्याला बाहेर जाण्यासाठी काढलेल्या पन्हळी आहेत. म्हणजे टायरवर जे कोरलेले दिसते, ते सारे पावसासाठी.

१७/
आपल्या भागात मोटार रुळली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत. मुंबईहून बोटीने धरमतरला उतरायचे आणि तेथून खाजगी सर्व्हिस मोटारीने महाड, असा प्रवास १९२० च्या दशकात सुरू होता. आणि या मोटारींच्या इतिहासातील सर्वांत बोलकी नोंद पावसाची नाही, ती आहे डिसेंबर १९२७ ची.

१८/
मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरात महाडलाच दुसरी परिषद भरणार होती. २४ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह मुंबईहून 'पद्मावती' या बोटीने निघाले. सरळ धरमतर-महाड असा मोटारमार्ग असताना समुद्रमार्ग का? कारण त्या मार्गावरच्या मोटारमालकांनी या प्रतिनिधींना नेण्यास नकार दिला होता. बोट दासगावपर्यंत. तेथून महाडपर्यंतची सुमारे पाच मैलांची वाट मंडळी पायी चालली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले.

१९/
वाहतुकीच्या इतिहासात हा प्रसंग सहसा येत नाही. सामाजिक इतिहासात येतो आणि तेथे मोटारीचा तपशील एका वाक्यात उरकतो. दोन्हीकडे तो मध्यभागी असायला हवा. रबरी चाक, पक्का रस्ता, ठरलेले भाडे : हे सारे आधुनिक होते. त्या चाकावर कोण बसणार, हे मात्र जुन्याच नियमांनी ठरवले जात होते. डिसेंबरातल्या कोरड्या रस्त्यावर त्या मोटारींना अडवणारे ना चिखल होते ना दरड.

२०/
त्याच १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतातील रस्त्यांची पाहणी करणारी समिती नेमली गेली. १९२८ मध्ये तिचा अहवाल आला. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. मोटारवाल्याने पेट्रोल भरावे आणि त्यातून सर्वांसाठी रस्ता व्हावा, ही कल्पना एका मराठी बॅरिस्टरच्या समितीतून आली.

त्या काळातील अभियंत्यांपुढे मोठी अडचण हीच होती की एकाच रस्त्यावर दोन चाके धावत होती. लोखंडी धाव खडी फोडी, आणि मोटारीचा वेगवान रबरी टायर त्या फुटलेल्या खडीचा भुगा उडवून नेई.

२१/
यावर तोडगा म्हणून १९३० च्या दशकात डनलॉपने बैलगाडीसाठीच हवेचे टायर बाजारात आणले. देशावर, उसाच्या पट्ट्यात ते पुढे चांगले रुजले. साखर कारखान्याकडे निघालेली टायरगाडी पश्चिम महाराष्ट्रात कोणी पाहिली नसेल असे नाही. कोकणात शेते लहान, वाटा उतरणीच्या आणि रोख पैसा कमी. तेथे धाव बराच काळ टिकून राहिली.

डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालात साहागंज येथे निघाला. टायर आता विलायतेहून येण्याची गरज उरली नव्हती.

२२/
या सुमारास, हजारो मैल दूर फिनलंडमध्ये, ऋतूनुसार टायर ही कल्पना जन्माला येत होती. १९३४ मध्ये तेथील एका रबर कारखान्याने बर्फात चालणाऱ्या मालमोटारींसाठी खोल, आडव्या नक्षीचा टायर काढला. १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी 'हाक्कापेलिट्टा' आला. नोकिया या नावाने आपल्याला फोन आठवतो. नोकिया हे मुळात एका गावाचे नाव, आणि टायरच्या व फोनच्या कंपनीचे कूळ एकच.

२३/
हिवाळी टायरचे मर्म नक्षीइतकेच रबरात आहे. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीचे रबर कडक होऊ लागते आणि पकड सोडते. म्हणून हिवाळी टायरचे रबर मुद्दाम मऊ ठेवलेले असते, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर पातीने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह कोरलेले असते.

हे टायर महाडात लावले तर? मऊ रबर आपल्या उष्णतेत झिजून जाईल आणि ओल्या, कोमट रस्त्यावर थांबण्यास अधिक अंतर लागेल. काश्मीर-लडाखसारख्या बर्फाळ प्रदेशांखेरीज भारतात त्यांचे काम नाही. विलायती चित्रफिती पाहून जाडजूड, खडबडीत नक्षीचे टायर घेण्याची हौस आपल्याकडेही आली आहे. चिखलासाठी घडवलेले ते टायर डांबरी घाटात पाऊस असताना साध्या टायरपेक्षा बहुधा कमी पकडतात. रुबाब हा टायरचा गुण नव्हे.

२४/
दुसऱ्या महायुद्धाने टायरची किंमत सर्वांना शिकवली. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. मलाया आणि आसपासचे प्रदेश जपानकडे गेले, आणि जगातील नैसर्गिक रबराचा सुमारे ९० टक्के पुरवठा दोस्तांच्या हातून सुटला. भारतात पेट्रोल नियंत्रणाखाली आले, टायर मिळेनासे झाले. मागे कोळशाची भट्टी बसवलेल्या मोटारी त्या काळच्या. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचे, ही त्या पिढीची ठरलेली आठवण. जुन्या टायरवर पुन्हा रबर चढवून तो वापरण्याची सवय या टंचाईत पक्की झाली.

२५/
१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे खाजगी सर्व्हिस मोटारी मागे पडत गेल्या आणि महाड-पोलादपूरच्या वाड्यांपर्यंत लाल गाडी पोहोचू लागली. १९२७ च्या संदर्भात याचे मोल लक्षात घ्यावे : तिकीट काढणाऱ्या कोणालाही नाकारता येणार नाही असे चाक या रस्त्यावर प्रथमच आले.

एस.टी.ने जुने टायर पुन्हा रबर चढवून वापरण्याचे स्वतःचे प्रकल्पच उभारले. सरकारी कागदांत त्याला 'टायर पुनःस्तरण' असा भारदस्त शब्द आहे. वाहकापासून उतारूपर्यंत सारे त्याला रिमोल्डच म्हणतात.

२६/
शब्दांचा विषय निघालाच आहे, तर 'स्टेपनी'. जादा चाकाला आपण म्हणतो तो शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथील डेव्हीस बंधूंनी १९०४ मध्ये मोटारीसाठी जादा चाक बनवण्यास सुरुवात केली, आणि कंपनीला रस्त्याचे नाव दिले. इंग्लंडात तो शब्द केव्हाच मेला. भारतात जिवंत आहे. घाटात पंक्चर झालेल्या प्रत्येक गाडीमागे दिवसातून कित्येकदा उच्चारला जातो.

२७/
एस.टी. आली, डांबर आले, मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग झाला. आणि 'पावसाळ्यात थांबायचे' ही शतकांची रीत नकळत रद्द झाली. कोणी तसा ठराव केला नाही. आज भाद्रपदात, ऐन पावसात, लाखो चाकरमानी गणपतीसाठी याच रस्त्याने कोकणात उतरतात. गाडीत पाच माणसे, टपावर सामान, खाली वर्षभर मुंबईत झिजलेले टायर. पूर्वी ज्या महिन्यांत लदणीचा बैलही गोठ्याबाहेर काढीत नसत, त्या महिन्यांत वर्षातील सर्वांत मोठी वाहतूक होते. टायरवरचा एवढा विश्वास कोणत्याही पूर्वजाने कोणत्याही चाकावर टाकला नव्हता.

२८/
तो विश्वास कोठवर योग्य, याचे काही निश्चित उत्तर विज्ञानाकडे आहे. १९६३ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने विमानाच्या चाकांवरील प्रयोगांतून एक सूत्र मांडले. रस्त्यावर पाण्याचा पुरेसा थर असेल तर ठरावीक वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागतो, आणि तो वेग टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. गुळगुळीत झालेल्या, ३२ दाबाच्या टायरसाठी तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. दाब २४ वर आणला तर सुमारे ८२.

२९/
'पावसात हवा थोडी कमी ठेवावी, पकड वाढते' हा समज चालकांत सर्वत्र आढळतो. वाळूत, चिखलात तो खरा. पाणी साचलेल्या महामार्गावर तो नेमका उलटा. कमी हवेचा टायर लवकर तरंगतो. गाडीच्या दारावर चिकटवलेला दाबाचा आकडा पावसाळ्यातही तोच राहतो. गाडी भरलेली असेल तर तेथेच दिलेला जास्तीचा आकडा पाहावा.

३०/
आंबेनळीत मात्र कोणी ९४ च्या वेगाने जात नाही, निदान जाऊ नये. तेथील संकट वेगळे : वळणावर साचलेली तांबडी माती, शेवाळ, कुजलेला पाला, आणि दहा हातांवरचे न दिसू देणारे धुके. तेथे रबराचा मऊपणा आणि नक्षीच्या कडा कामाला येतात. १९९२ पासून टायरच्या रबरात काजळीसोबत सिलिका मिसळण्याची रीत आली, तिने ओल्या रस्त्यावरील पकड बरीच सुधारली. भारतात ओल्या रस्त्यावरील पकडीचे बंधनकारक निकष २०२२ च्या नियमांनी आले. युरोपाच्या तुलनेत उशीर झाला. पावसाचा देश आपण, आणि ओल्या पकडीचा नियम आधी त्यांच्याकडे.

३१/
नियमानुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. चालकांच्या भाषेत 'गोटा' झाला. पण १.६ ही कायद्याची मर्यादा, घाटाची नव्हे. पन्हळ उथळ झाली की पाणी कमी वाहते, हे सांगायला प्रयोगशाळा नको. कौलारू घरात राहिलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे. टायरच्या बाजूवर चार अंकही असतात. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. उभ्या गाडीचे रबरही वयाने कडक होते. दिसायला नवी नक्षी असलेला सात-आठ वर्षांचा टायर पावसात फसवतो.

३२/
आणि तरीही टायरच्या हाती सारे नसते, हे या भागाला कोणी शिकवायला नको.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी कमानीचा पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि एक खाजगी मोटार अंधारात थेट नदीत गेली. तो पूल १९२८ चा. जयकर अहवालाच्याच वर्षीचा. धावेच्या आणि सुरुवातीच्या मोटारींच्या काळासाठी बांधलेली कमान राष्ट्रीय महामार्गाचे ओझे वाहत होती. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला.

३३/
२८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. सहलीला महाबळेश्वरी निघालेल्या मंडळींपैकी एकच जण वाचला. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून अख्खी वाडी गाडली गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. घाटरस्ते जागोजागी तुटले आणि पुढे दीर्घकाळ बंद राहिले.

३४/
कशेडीला आता बोगदा झाला आहे. २०२३ च्या गणेशोत्सवापूर्वी त्याची एक बाजू लहान वाहनांसाठी खुली झाली. घाट चढण्याऐवजी डोंगराच्या पोटातून जायचे, म्हणजे पावसालाच वगळायचे. वरंध्याला असा पर्याय नाही. अलीकडच्या वर्षांत पावसाळा आला की जिल्हा प्रशासनाचा आदेश निघतो : वरंधा घाट अवजड वाहनांसाठी बंद, अतिवृष्टीचा इशारा असल्यास सर्वच वाहनांसाठी बंद. पुण्याहून महाडला येणाऱ्यांनी ताम्हिणीमार्गे माणगाव गाठून यावे. लदणीचे बैल ज्या महिन्यांत त्या वाटेवर येत नसत, ते हेच महिने.